सातबाऱ्यात नसलेली नोंद

आमच्या हापिसात प्रोजेक्टचे दोन प्रकार असतात. ग्रीनफिल्ड आणि ब्राउनफिल्ड. ग्रीनफिल्ड म्हणजे कोरी पाटी, हवं ते लिहा. ब्राउनफिल्ड म्हणजे कोणीतरी बारा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला कोड. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला, डॉक्युमेंटेशन नाही, आणि कुठल्या ओळीला हात लावला की कुठे काय फुटेल याचा भरवसा नाही. ग्रीनफिल्ड मिळालं की लोक पार्टी देतात. ब्राउनफिल्ड मिळालं की बायोडेटा अपडेट करतात..

हे दोन्ही शब्द आपल्या धंद्याचे नाहीतच, ते जमिनीवरून उचललेले आहेत. ब्राउनफिल्ड म्हणजे अशी जमीन जिथे आधी कारखाना, गॅसचं केंद्र, रेल्वेचं यार्ड किंवा पेट्रोल पंप होता, आता तो बंद पडलाय आणि जागा पुन्हा वापरायची आहे. पण तिच्या पोटात आधीच्या उद्योगाचं काय काय मुरलंय, ते ठाऊक नाही. थोडक्यात काय तर डॉक्युमेंटेशन नसलेला प्लॉट.

हे सगळं वाचायचं कारण म्हणजे आमची फ्लॅटची शोधाशोध. मी संत तुकाराम नगरात लहानाचा मोठा झालो. वायसीएम हॉस्पिटल, डी. वाय. पाटील कॉलेज, वल्लभनगरचा एसटी स्टँड, म्हाडाच्या इमारती, एवढं आमचं जग. ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी ही सात किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि आमच्या नगराच्या नावाचं स्टेशन झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी सिव्हिल कोर्टापर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत. बायकोचं ऑफिस शिवाजीनगरला. त्यामुळे स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर, ही एकच अट. बजेटबद्दल न बोललेलं बरं.

आता तुम्ही म्हणाल, यात जमिनीच्या पोटातलं कुठून आलं? तर नकाशा उघडा आणि या मेट्रोची जांभळी रेघ बघा. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, नाशिक फाटा, संत तुकाराम नगर, पिंपरी. एका बाजूला जुना मुंबई-पुणे हायवे, दुसऱ्या बाजूला रेल्वे. मेट्रो इथे का आली? कारण लोकांची ये-जा याच पट्ट्यातून होते. आणि लोकांची ये-जा याच पट्ट्यातून का होते? कारण कारखाने इथे आले. आणि कारखाने इथे का आले? कारण रेल्वे आणि हायवे इथेच होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (आपली एचए) उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, पेनिसिलिन बनवायला. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. मग साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने.

म्हणजे योगायोग काहीच नाही. जुनी औद्योगिक जमीन आणि मेट्रोची लाइन एकमेकांच्या शेजारी असणार हे आधीच ठरलेलं होतं. मुंबईतही हेच झालं. परळ, करी रोड, लोअर परळ या स्टेशनांच्या आजूबाजूला गिरण्या होत्या, आज तिथे टॉवर आणि मॉल आहेत. गिरण्यांच्या जमिनीवरून केवढी भांडणं झाली! १९९१ चा नियम, त्यात २००१ साली झालेला बदल, मग हायकोर्ट, आणि शेवटी मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल. भांडण होतं वाटणीचं. मोकळी जागा किती, म्हाडाला किती, मालकाला किती, गिरणी कामगाराला घर मिळणार का. अतिशय रास्त प्रश्न होते हे. पण त्या भांडणात जमीन मोजली गेली ती एकरांत आणि रुपयांत. गिरण्यांच्या डाइंग आणि ब्लीचिंग खात्यांचं पाणी वर्षानुवर्षं जिथे मुरलं त्या मातीचं काय, हा प्रश्न कडेलाच राहिला.

आता तीच गोष्ट आपल्याकडे सुरू झाली आहे. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत प्लॉटचा आकार आणि रस्त्याची रुंदी बघून ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो. एमआयडीसीबाहेरच्या खासगी औद्योगिक जमिनीवर परवानगी घेऊन घरं बांधता येतात. आपल्या शहरात त्याला 'आय टू आर' म्हणतात आणि पानटपरीवरसुद्धा हा शब्द ऐकू येतो. खुद्द एचएची देणी फेडण्यासाठी तिची पिंपरीतली ८७.७० एकर रिकामी जमीन विकायला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली होती. पिंपरीच्या पुढे निगडीपर्यंत मेट्रो न्यायला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे चिंचवड-आकुर्डीचा सगळा जुना औद्योगिक पट्टा या ५०० मीटरच्या वर्तुळांत येणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या जमिनींवर घरं झालीच पाहिजेत. स्टेशनशेजारी पत्र्याची बंद शेड गंजत पडायची आणि आपण मात्र चाकण, मोशी, मारुंजीच्या शेतात वीस-वीस मजले उभे करून तिथून दोन तास ट्रॅफिकमध्ये बसायचं, यात शहाणपणा नाही. प्रश्न घरं बांधावीत का, हा नाहीच. बांधायच्या आधी कोणी खाली वाकून बघणार आहे का, हा आहे.

तर, गेल्या पावसाळ्यात एक फ्लॅट आवडला. स्टेशनपासून आठ मिनिटं चालत. जागा आधी एका कारखान्याची होती, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कारखान्याचा नाहीये. ब्रोशर घरी आणलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबा तीस वर्षं हायवेलगतच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते, आणि प्लेटिंगला दिलेले जॉब तपासायला दर आठवड्याला याच आवारात जायचे. त्यांनी चष्मा लावून लेआउट उलटासुलटा केला, आधी गेट कुठे होतं ते शोधलं, मग म्हणाले, "हे क्लब हाऊस दाखवलंय ना, इथे साधारण बॉयलर. आणि त्याच्या मागे क्रोमची लाइन."

"गळायचं का काही?" मी विचारलं.

"गळायचं नाही रे, ठिबकायचं. जिग टाकीतून वर उचलला की थेंब पडत पडत पुढच्या टाकीपर्यंत जायचा. दिवसात शंभर वेळा. खाली फरशीच्या सांध्यांत सगळं पिवळं. पावसाळ्यात मागच्या भिंतीजवळ डबकं साठायचं, तेही पिवळं. आम्ही म्हणायचो, हळदीकुंकू चाललंय."

बायकोने ब्रोशर मिटून ठेवलं.

हे पिवळं म्हणजे काय ते मी त्या वीकांताला वाचून काढलं. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत असतं षटसंयुजी क्रोमियम, क्रोमियम सिक्स. 'एरिन ब्रोकोविच' पिक्चर ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाच्या पाण्यात हेच मिसळलं होतं आणि १९९६ मध्ये त्या कंपनीला ३३ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले. क्रोमियम सिक्स श्वासावाटे गेलं तर कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. आणि ते पाण्यात सहज विरघळतं, म्हणजे जिथे सांडलं तिथेच थांबत नाही.

प्लेटिंग हे एक उदाहरण. प्रत्येक धंद्याची स्वतःची सही असते. हीट ट्रीटमेंट शॉप असेल तर सायनाइडचे क्षार. पेंट शॉप असेल तर शिसं आणि थिनर. पेट्रोल पंप असेल तर जमिनीखालची टाकी आणि बेंझिन. मशीन शॉप असेल तर कटिंग ऑइल, आणि जॉबवरचं तेल काढायला ट्रायक्लोरोइथिलीन. हे शेवटचं फार डांबरट प्रकरण आहे. पाण्यापेक्षा जड, त्यामुळे भूजलावर तरंगत नाही, खाली खाली जात राहतं. आणि उडून जाणारं, त्यामुळे वाफ होऊन मातीतून वर येतं आणि बंद जागेत साठतं. बंद जागा म्हणजे आपल्या भाषेत बेसमेंट पार्किंग.

त्यात आपली जमीन कशी आहे बघा. वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. या कातळात पाणी असतं ते भेगांमध्ये. वाळूच्या जमिनीत प्रदूषण कुठे गेलं याचा अंदाज निदान बांधता येतो. भेगांमध्ये ते कुठल्या वाटेने निघून कोणाच्या बोअरमध्ये उगवेल, हे वरून बघून सांगता येत नाही. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या शहरात दिवसाआड पाणी सुरू झाल्यापासून सोसायट्यांचा बोअरवरचा आणि टँकरवरचा भार किती वाढला, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग मी सेल्सवाल्या मुलाला फोन केला. बिचारा अगदी नम्र. "सर, सॉइल रिपोर्ट आहे ना, पाठवतो." आणि खरंच पाठवला, चाळीस पानी. मी उत्साहाने उघडला. त्यात होतं काय? किती मीटरवर मुरूम, किती मीटरवर कातळ, आणि जमिनीची भार पेलायची क्षमता किती. म्हणजे बिल्डिंग खचणार नाही याची खात्री. मातीत रसायनं कुठली, याबद्दल अक्षर नाही. त्यात फसवणूक काहीच नाही, तो रिपोर्ट त्यासाठी नसतोच. पण आपल्यासारखा माणूस 'सॉइल रिपोर्ट ओके' एवढं ऐकतो आणि टोकनचा चेक फाडतो.

बरं, बाकीचे कागद बघा. सातबाऱ्यात सातवर मालकी आणि बोजा, बारावर पीक. कोणाच्या आजोबांनी कुठल्या वर्षी ज्वारी लावली तेही सापडतं. शहरात प्रॉपर्टी कार्ड. महारेराच्या साइटवर टायटल, कोर्टकेस, मंजूर नकाशे. बंद कारखान्याच्या जागेवर घरं बांधायची तर कामगारांची कायदेशीर देणी दिली असल्याचं कामगार आयुक्तांचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते लागायलाच हवं, त्यामागे गिरणी कामगारांचे हाल आहेत. म्हणजे जमीन कोणाची, तिच्यावर कर्ज कोणाचं, तिच्यावर राबणाऱ्यांचं देणं किती, हे सगळं आपण विचारतो. तिच्यात काय ओतलं, एवढंच विचारत नाही. तीस वर्षं एका तुकड्यावर क्रोमचं पीक निघालं, त्याची नोंद मात्र कुठल्याच उताऱ्यावर नाही.

हे शोधायची पद्धत जगात आहे आणि ती रॉकेट सायन्स नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल या वस्तीखाली गाडलेली रसायनं १९७८ मध्ये वर आली, लोकांना घरं सोडावी लागली. त्यातून १९८० चा सुपरफंड कायदा आला. तेव्हापासून तिथे औद्योगिक जमीन विकत घेणारा आधी 'फेज वन' तपासणी करतो. या पहिल्या टप्प्यात माती खणतच नाहीत! जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, परवाने बघतात, जागेवर चक्कर मारतात, आणि आधीच्या मालकांना, तिथे काम केलेल्यांना विचारतात. कुठे काय साठवायचे, कुठे ओतायचे. त्यातून संशय आला तरच दुसरा टप्पा, मातीचे आणि पाण्याचे नमुने. म्हणजे बाबांनी ब्रोशर उलटं धरून जे केलं ते तिकडे रीतसर फी घेऊन करतात.

आणि सापडलं तर जग बुडत नाही. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लंडनने स्ट्रॅटफर्डची जी जागा निवडली ती अशीच जुन्या कारखान्यांची, तेला-डांबराने माखलेली, आणि रेल्वेच्या मोठ्या जंक्शनला चिकटलेली. तिथे सुमारे वीस लाख टन माती उपसून जागेवरच यंत्रांनी धुतली आणि बहुतेक सगळी तिथेच पुन्हा वापरली. त्या यंत्रांच्या जागेला ते 'मातीचं हॉस्पिटल' म्हणायचे. क्रोमियम सिक्सवर लोहाचे क्षार वापरून त्याचं कमी घातक क्रोमियम थ्री करता येतं. ट्रायक्लोरोइथिलीनची वाफ पंपाने ओढून काढता येते. फारच वाईट माती असेल तर ती घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात न्यायची, आपल्याला रांजणगावचं केंद्र काही लांब नाही. हे सगळं इमारत उभी राहायच्या आधी स्वस्त आहे. नंतर? प्रॉडक्शनमध्ये गेलेला बग दुरुस्त करायला किती लागतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि इथे तर बगवर चारशे कुटुंबं राहायला आलेली असणार.

न तपासण्याचा आणखी एक तोटा आहे, जो माझ्या लक्षात फार उशिरा आला. बेसमेंटसाठी खणलेला मुरूम जातो कुठे? रात्री डंपर भरून निघतात आणि तो भराव कुठल्यातरी सखल प्लॉटवर, ओढ्याच्या कडेला, शेताच्या बांधावर पडतो. म्हणजे एका प्लॉटचा जुना हिशेब दहा ठिकाणी वाटला जातो, आणि तिथे तर कधी कारखाना नव्हताच, त्यामुळे कोणाला शंकाही येणार नाही.

कायदा आपल्याकडेही आलाय. २४ जुलै २०२५ ला केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, ज्याने घाण केली त्याने सफाईचा खर्च द्यायचा. कागदावर छान आहे. त्या वेळी देशभरात १०३ जागा दूषित म्हणून नोंदलेल्या होत्या आणि त्यातल्या फक्त ७ ठिकाणी सफाईचं काम सुरू झालं होतं. एवढ्या मोठ्या देशात १०३! एकट्या भोसरीत फिरून आलं तरी हा आकडा हास्यास्पद वाटतो. यादीत नाव यायला कोणाला तरी संशय यावा लागतो, आणि संशय यायला आधी तिथे काय होतं ते माहीत असावं लागतं. गाडी अडते ती इथे.

कारण हे माहीत असलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. संध्याकाळी आमच्या नगरातल्या बागेत बाकांवर बसलेली असतात. कोणी प्लेटर, कोणी पेंटर, कोणी बॉयलर अटेंडंट, कोणी मेंटेनन्सचा फिटर. कारखान्याची फाइल कंपनी बंद झाली तेव्हाच रद्दीत गेली, शेड स्क्रॅपवाल्याने नेली. राहिलं ते यांच्या डोक्यात. आणखी पंधरा वर्षांनी तेही नसेल, आणि तोपर्यंत मेट्रोच्या दोन्ही बाजूंना टॉवर झालेले असतील.

असो. तर आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे हे नुसतं रडगाणं होणार नाही. बिल्डरला लेखी तीन प्रश्न पाठवले. एक, या जागेवर आधी कोणकोणत्या प्रक्रिया चालायच्या आणि कुठे? दोन, माती आणि भूजलाची जड धातू व सॉल्व्हंटसाठी तपासणी झाली आहे का, असेल तर रिपोर्ट द्या. तीन, सोसायटीच्या बोअरचं पाणी कशाकशासाठी वापरणार? पहिल्या मेलला उत्तर म्हणून तोच चाळीस पानी रिपोर्ट पुन्हा आला. दुसऱ्या मेलनंतर एका सिनिअर माणसाचा फोन आला. तो म्हणाला, "हे आजवर कोणी विचारलं नाही सर, पण विचारतो आर्किटेक्टला." टोकन अजून दिलेलं नाही. घरात रोज चर्चा होते. बायको म्हणते, लांब जाऊ पण झोप लागेल असं घर घेऊ. मी म्हणतो, लांबच्या घराखाली कुठून आणलेला भराव आहे ते कुठे माहीत आहे? आई म्हणते, दोघेही गप्प बसा आणि जेवा.

दरम्यान मी परिसराचा नकाशा मोठा प्रिंट काढून आणलाय आणि रविवारी सकाळी बाबा तो घेऊन बागेत जातात. कोणती कंपनी, साधारण कुठून कुठपर्यंतची वर्षं, काय बनायचं, टाक्या कुठे, ड्रम कुठे ठेवायचे, पाणी कुठल्या नाल्याला. दोन जणांनी एकच गोष्ट सांगितली तर पेनाने, एकानेच सांगितली तर पेन्सिलने, हा बाबांचा नियम (शेवटी इन्स्पेक्टर!). आत्तापर्यंत अकरा जागा झाल्यात, त्यातल्या चार पेनाने. तुमच्या घरात, सोसायटीत असा कोणी निवृत्त प्लेटर, पेंटर, फिटर असेल तर विचारून ठेवा. तारीख घालून लिहून ठेवा. आणि मेट्रोच्या पट्ट्यात घर बघायला गेलात तर हे तीन प्रश्न तुम्हीही विचारा. एकट्याने विचारलं तर आपण विक्षिप्त ठरतो. पन्नास गिऱ्हाइकांनी विचारलं तर ब्रोशरमध्ये स्विमिंग पूलच्या खाली एक ओळ वाढेल.